घरांचा विमा गावानं मिळून काढावा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच दिवशी घाट चढून पुणे जिल्ह्यात शिरलं. वेल्हे, भोर, मुळशी, मावळ या घाटमाथ्याच्या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, कौलं फुटली, झाडं छपरांवर कोसळली. मृगाच्या तोंडावरचे ते दिवस. या भागात तेव्हा घराघरांत पावसाळ्याची बेगमी झालेली असते. भाताचं बियाणं बाजूला काढलेलं असतं, वर्षाचं धान्य कणगीत असतं, लाकूडफाटा आणि पेंढा कोरड्या जागी रचलेला असतो. छप्पर गेलं की पहिल्याच मोठ्या सरीत हे सगळं भिजतं. म्हणून डोंगरातल्या माणसाचं नुकसान मोजताना पत्र्यांबरोबर त्या पत्र्यांखाली साठवलेलं अख्खं वर्षही मोजावं लागतं.

घर कोसळल्यावर माणसाला तीन ठिकाणांहून मदत मिळू शकते. शेजारीपाजारी धावून येतात, सरकार पंचनामा करून अनुदान देतं आणि विमा असेल तर भरपाई मिळते. वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पहिल्या दोन गोष्टी लोकांना पाठ आहेत. तिसरी फार थोड्या घरांपर्यंत पोचली आहे. ती का पोचावी आणि कशी पोचवता येईल, याचा विचार पावसाळ्याआधी व्हायला हवा.

पहिले हात शेजाऱ्यांचे

आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 रोजी डोंगराखाली गेलं. 151 माणसं दगावली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेर पोचली ती तिथं गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली, तेव्हा पुरानं आणि दरडींनी रस्ते बंद होते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. तिथं गाडीरस्ताच नव्हता, मदत करणाऱ्यांना अंधारात, पावसात पायवाटेनं चढून जावं लागलं. भोरहून वरंध घाट उतरला की महाड तालुका लागतो. तोच पाऊस, तेच कडे, तशाच विखुरलेल्या वाड्या वेल्ह्या-भोरमध्येही आहेत.

अशा वेळी पहिले काही तास वाडीतलीच माणसं एकमेकांना वाचवतात. या भागात भातलावणी सावडीनं करण्याची रीत आहे: आज माझ्या खाचरात सगळे, उद्या तुझ्या. घर शाकारायचं असो, पडलेली भिंत उचलायची असो की म्हाताऱ्या माणसाला डोलीत घालून खाली आणायचं असो, हीच सवय कामी येते. ही मदत सर्वात लवकर येते आणि तिला कुठल्याही कागदाची अट नसते.

तिलाही मर्यादा आहेत. सावडीत हात मिळतात, सिमेंट आणि लोखंड मिळत नाही. शिवाय वादळ एका घरावर येत नाही. सगळ्या वाडीचे पत्रे उडाले की कोण कुणाला उसनं देणार? एकाचं घर जळालं तर गाव उभं करू शकतं. गावच पडलं तर पैसा गावाबाहेरून यावा लागतो.

पंचनाम्यातून काय मिळतं

बाहेरचा पैसा म्हटला की आपल्याकडे सरकार. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022-23 ते 2025-26 या काळासाठीचे निकष पाहू. घर पूर्ण पडलं तर सपाटीवर 1 लाख 20 हजार रुपये आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. अंशतः पडझड झाली आणि ती किमान 15 टक्के असली, तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये. झोपडीला 8,000, गोठ्याला 3,000. घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार स्वतःची भर घालतं. निसर्ग वादळानंतर पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत दीड लाखापर्यंत वाढवली होती. पण ती वाढ त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर अवलंबून असते.

हे पैसे दानाचे नाहीत, हक्काचे आहेत आणि प्रत्येकानं ते घेतलेच पाहिजेत. मात्र आकडे नीट वाचले तर त्यांचा हेतू कळतो. तातडीचा आधार देण्यासाठी ही मदत ठरवलेली आहे, पूर्वीसारखं घर बांधून देण्यासाठी नाही. साडेसहा हजारांत उडालेले पत्रे, हूक, सुताराची मजुरी आणि डोंगरावरची वाहतूक भागत नाही.

आणखी एक अडचण कागदांची. घर अधिकृत असल्याचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव नाही, घर अजून आजोबांच्या नावावर, भावांची वाटणी तोंडी, अशी कितीतरी घरं आहेत. दुसऱ्याच्या जागेवर राहणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे तर बहुधा काहीच नसतं. पंचनाम्याच्या वेळी सर्वात गरीब माणूसच सर्वात मागे पडतो, तो असा.

मोठ्या पुनर्वसनाला वेळ किती लागतो, हेही माळीणनं दाखवलं. जिल्ह्याची, राज्याची सगळी यंत्रणा लक्ष घालून होती. देणगीदार पुढे आले होते. तरीही आमडे इथल्या नव्या घरांत जायला लोकांना एप्रिल 2017 उजाडला.

विम्यात काय बसतं

विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली. सामान्य विमा व्यवसायातली कोणतीही कंपनी असो, सरकारी किंवा खासगी, मूळ अटी सारख्याच. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं, जमीन खचणं, दरड आणि खडक कोसळणं हे सगळं तिच्या मूळ संरक्षणातच येतं. वेल्ह्या-भोरमध्ये घराला ज्यांचा धोका आहे त्या बहुतेक गोष्टी या यादीत आहेत.

विम्याची रक्कम ठरते ती घराच्या चटई क्षेत्रावर आणि बांधकामाच्या चालू खर्चावर. समजा, घर 500 चौरस फुटांचं आहे आणि तसं घर आज बांधायला चौरस फुटाला 1,500 रुपये लागतात. मग विमा साडेसात लाखांचा. त्याच्या 20 टक्के, म्हणजे दीड लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. या आपोआप मिळणाऱ्या संरक्षणाची कमाल मर्यादा 10 लाख आहे. आपत्तीनंतर सात दिवसांत, त्या आपत्तीमुळे उघड्या पडलेल्या घरात चोरी झाली तर तीही धरली जाते. घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं दुसरीकडचं भाडं, राडारोडा हलवण्याचा खर्च हेही ठरलेल्या मर्यादेत मिळतं. पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते. हप्ता जागेनुसार आणि बांधकामानुसार बदलतो, पण साध्या घरासाठी तो वर्षाला काही शेकड्यांच्या घरात असतो.

एवढं असून गावात ही पॉलिसी दिसत नाही, याचं कारण लोकांचं अज्ञान नव्हे. जीवन विम्याचा एजंट वाडीवर येतो, पीक विम्याची जाहिरात एसटी स्थानकावर असते. घराच्या विम्यात हप्ता लहान, म्हणून विकणाऱ्याचं कमिशनही लहान. त्या कमिशनसाठी डोंगर चढून कुणी येत नाही. शहरात हा विमा बहुधा घरकर्जाबरोबर निघतो. गावातलं घर कर्जाविना, टप्प्याटप्प्यानं बांधलेलं असतं, त्यामुळे तो रस्ताही बंद.

सही करण्याआधी विचारा

विम्याचा आग्रह धरताना त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. घराला नेहमीच्या पडतात तशा भेगा, नव्या बांधकामाचं बसणं, भराव घातलेल्या जमिनीचं सरकणं, नदीकाठाची धूप आणि सदोष बांधकाम यांचं नुकसान जमीन खचण्याच्या संरक्षणातून वगळलेलं आहे. ही अट डोंगरात फार महत्त्वाची आहे, कारण इथं उतार कापून, पुढं भर घालून घराची जागा तयार केलेली असते.

माळीणनंतर जिल्ह्यातल्या धोक्याच्या गावांची पाहणी झाली. भोरमधली कोंढरी आणि धानवली ही गावं तेव्हापासून दरडीच्या धोक्यासाठी ओळखली जातात. अशा गावांत विमा हे पुनर्वसनाला उत्तर नाही. विमा बांधकामाचा खर्च देतो, जमिनीची किंमत देत नाही आणि सुरक्षित जागाही शोधून देत नाही. डोंगरच सरकत असेल तर गाव हलवणं हे सरकारचं काम आहे. विम्याकडे बोट दाखवून ते टाळता येणार नाही.

बाकी गावांतही सही करण्याआधी काही प्रश्न लेखी विचारावेत. भिंती कुडाच्या किंवा छप्पर गवताचं असेल तर कंपनी विमा देते का, कोणत्या अटींवर? गोठा घराला लागून आहे, तो धरला आहे का? पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांचं घर किती दिवस बंद राहिलेलं चालतं? दाव्यातली किती रक्कम आपली आपण सोसायची? जनावरांचा विमा वेगळा असतो आणि पीक विम्यात घर येत नाही, हेही ध्यानात ठेवावं. बांधकामाचा प्रकार कधीही लपवू नये. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघडी पडते आणि हक्काचे पैसे अडकतात.

नुकसान झाल्यावर कंपनीला लगेच कळवावं, फोटो काढावेत आणि सर्व्हेअर येईपर्यंत शक्यतो मोडतोड हलवू नये. पाऊस आत येत असेल तर मात्र ताडपत्री जरूर टाकावी. नुकसान वाढू न देणं हेही विमाधारकाचं कर्तव्यच आहे. पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी. कंपनीनं दावा नाकारला किंवा महिनाभर तक्रारीला उत्तरच दिलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथं वकील लागत नाही आणि फीही नाही.

एकट्यानं नको, मिळून

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, की एवढे कागद एकट्या शेतकऱ्यानं करायचे कधी? अगदी खरं आहे. म्हणूनच हे काम सावडीनं व्हायला हवं.

त्याला जवळचाच आधार आहे. पानशेत धरण याच तालुक्यात. 12 जुलै 1961 रोजी ते फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. त्या वेळी झालेली अन्नवस्त्राची मदत मोठीच होती. पण घरांचा प्रश्न पुढे सुटत गेला तो पूरग्रस्तांनी एकत्र येऊन केलेल्या सहकारी गृहरचना संस्थांमधून. पुण्यात अशा 103 संस्था उभ्या राहिल्या. 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये अहमदाबादच्या एका संस्थेनं 'आफत विमो' ही योजना आणली. घर, सामान आणि माणूस यांना मिळून संरक्षण, हप्ता गरिबाला पेलेल एवढा आणि कंपनीशी बोलणी संस्थेनं केलेली. एकटा माणूस कंपनीच्या दारात उभा राहिला तर त्याला वेळ मिळत नाही, शंभर घरांची यादी गेली की कंपनी वाडीवर येते.

वेल्ह्यात महिला बचत गटांची मुळं खोल आहेत. ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था अनेक वर्षं इथल्या खोऱ्यांत बचत गटांचं काम करत आहे. दर महिन्याला पैसे मोजणाऱ्या, वही लिहिणाऱ्या, बँकेत जाणाऱ्या बायका गावोगाव आहेत. घराच्या विम्याचा हप्ता महिन्याला वाटून टाकला तर तो बचतीच्या रकमेत सामावू शकतो. गटानं दर महिन्याला तो बाजूला काढावा आणि वर्षाचा एकदम भरावा. ज्यांना तेवढंही परवडत नाही, अशा कातकरी आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांचा हप्ता गावानं भरावा. शहरात गेलेल्या गावकऱ्यांची मंडळं जत्रेला आणि देवळाला वर्गणी देतात. त्यांनी त्यातला एक वाटा याला द्यावा. आपत्तीनंतर पाठवलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यापेक्षा आपत्तीआधी भरलेला हप्ता घर उभं करायला जास्त उपयोगी पडेल.

माणसांच्या विम्याची कामंही त्याच बैठकीत उरकता येतील. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती मृत्यूचं संरक्षण मिळतं आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू त्यात धरला जातो. खात्यातून हप्ता खरंच कापला जातो का, तेवढं पासबुकात पाहून घ्यावं.

दरवर्षी 1 मे रोजी ग्रामसभा होते. पावसाळा तेव्हा महिनाभरावर आलेला असतो. त्या सभेत तीन ठराव व्हावेत. गावातल्या प्रत्येक घराची नमुना 8 ला नोंद आहे का, हे तपासून उरलेल्यांची नोंद करून घ्यावी. प्रत्येक घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ग्रामपंचायतीत जपावेत. आणि घराच्या विम्यासाठी बचत गटांनी गावाची यादी करून कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत. तिन्ही कामांना मंत्रालयाची परवानगी लागत नाही. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा हा विषय तुम्ही मांडा.