बांबूचा कागद आणि पंडुमची वही

बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गवत असले, तरी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याची गणना झाडांत केली, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील माणसाचा कागदाशी आलेला संबंध पुढे बराच काळ या एका व्याख्येने ठरवला. झाड म्हटले की तोडीवर वनखात्याचा अधिकार आला. त्यामुळे ज्या वस्तूची टोपली, सूप, कुंपण आणि छप्पर रोज वापरात होते, तीच वस्तू विकायची म्हटले की परवाना लागू लागला. दुसरीकडे १९४५ साली वर्धा नदीकाठी बल्लारपूरला कागद गिरणी स्थापन झाली आणि दोन्ही जिल्ह्यांतील बांबू हा तिचा कच्चा माल ठरला. जंगलातून काठी म्हणून गेलेला बांबू रेघा मारलेली वही होऊन आठवडी बाजारात परत यायचा, पण मधल्या प्रवासात काय घडले हे तो तोडणाऱ्याला कधी दिसायचे नाही.

गिरणीत घडते ते असे: बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावात दाबाखाली शिजवतात, म्हणजे तंतूंना एकमेकांशी चिकटवून धरणारे लिग्निन नावाचे द्रव्य विरघळते आणि मोकळ्या तंतूंचा लगदा उरतो. निलगिरीसारख्या लाकडाच्या तंतूंपेक्षा बांबूचा तंतू लांब असल्याने कागदाला चिवटपणा येतो. हेच काम हाताने करायचे तर किती कष्ट पडतात, हे १६३७ साली चीनमध्ये सोंग यिंगशिंग याने हस्तोद्योगांवर लिहिलेल्या ग्रंथावरून कळते. त्यात कोवळा बांबू शंभराहून अधिक दिवस तळ्यात भिजत ठेवायला आणि नंतर चुन्यासह आठ दिवस-रात्र उकळायला सांगितले आहे. तेव्हा हौसेने कागद करू पाहणाऱ्याने बांबूच्या लगद्याच्या नादी न लागलेलेच बरे.

मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातील गोंड गाव या कथेत वेगळ्या वाटेने येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना कोण देणार, हा प्रश्न अडून राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. लेखनसाहित्याच्या इतिहासात छापील पावतीपुस्तकाला सहसा कोणी जागा देत नाही, पण गावाचा हक्क कागदावर असणे आणि गावाने स्वतः कागद फाडून देणे यांतले अंतर त्या एका पुस्तकाने मिटवले. बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती त्यानंतर, २०१७ मध्ये झाली, आणि तीही जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूपुरती.

भामरागड या सगळ्याच्या दक्षिणेला, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर आहे. येथील माडिया गोंडांचा समावेश राज्यातील तीन अतिमागास आदिम जमातींत होतो आणि त्यांची माडिया ही द्राविडी कुळातील भाषा आजवर मुख्यतः बोलण्यात आणि गाण्यात राहिली आहे. १९७३ साली बाबा आमटे यांनी जवळच्या हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ पासून तेथे शाळा भरू लागली, म्हणजे वही ही वस्तू इथे घराघरांत पोचली त्याला जेमतेम दोन पिढ्या झाल्या. पुण्या-मुंबईत हाती बांधलेली वही हा छंद असतो आणि पुष्कळदा ती इतकी देखणी असते की विकत घेणारा तिच्यात लिहायलाच धजत नाही. भामरागडसारख्या ठिकाणी वही बांधण्याला निराळा अर्थ येतो, कारण तिच्यात जे लिहिले जाईल त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

हातकागदाची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ती शतकानुशतके चालत आली. जुन्नरी आणि दौलताबादी कागद दप्तरांत नावाने ओळखला जाई, आणि त्यावरचे मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवत. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा खालावला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाने आणि पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांनी उभारलेल्या हातकागद संस्थेने त्याला पुन्हा धुगधुगी दिली. कच्चा माल होता शिंप्याकडच्या सुती चिंध्यांचा. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसते, त्यामुळे शिजवण्याचा खटाटोप वाचतो आणि कागद वर्षानुवर्षे पिवळा पडत नाही.

चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा पाण्याच्या हौदात पातळ करतात आणि त्यात चाळणीची चौकट तिरपी बुडवून आडवी वर उचलतात. पाणी खाली गळते, तंतूंचा ओला थर वर राहतो आणि तोच पुढे दाबून, वाळवून कागदाचा ताव होतो. जुने कागदी ही चाळणी गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी विणून करीत. चीन-जपानात तीच बांबूच्या सुतासारख्या बारीक काड्यांची असते, आणि इथेच भामरागडच्या हाताला काम आहे: सूप-टोपलीसाठी बांबूची पाती एकसारखी सोलणाऱ्याला अशी चाळणी विणणे अवघड नाही. लगद्यासाठी नकोसा ठरलेला बांबू चाळणीसाठी मात्र हवाहवासा होतो.

वाळलेला ताव टीपकागदासारखा शाई पिऊन टाकतो, म्हणून त्याला खळ द्यावी लागते. भाताची दाट पेज गाळून ब्रशने दोन्ही अंगांना लावली आणि सुकल्यावर गुळगुळीत गारगोटीने घोटली, की अक्षर फुटत नाही. घोटताना कागदाचा आवाज बदलत जातो. आधी खरखर, मग हलकी सरसर, आणि शेवटी दगड नुसताच सरकतो, तेव्हा हात थांबवायचा.

बांधणीचे काम यापेक्षा सोपे, पण त्यालाही युक्ती लागते. गिरणीच्या कागदात तंतू यंत्राच्या ओघाने एका दिशेला झोपलेले असतात, त्यामुळे घडी त्या दिशेने घातली तर सरळ बसते आणि आडवी घातली तर फुगते व तडकते. हातकागदात तंतू सैरावैरा असल्याने हा पेच पडत नाही. चार-पाच ताव एकात एक दुमडून जुडी करतात, तिच्या घडीवर आरीने भोके पाडतात आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुडी शेजारच्या जुडीला गुंतवत शिवतात. या शिवणीला जुजबंदी म्हणतात. 'जुज' म्हणजे अरबीत भाग. बाजारात त्याचे 'ज्यूस बाइंडिंग' झाले आहे, आणि त्यात रसाचा काय संबंध असे विचारणाऱ्याला बाइंडरही हसून सोडून देतो. पाठीला मैद्याची खळ लावून कापडाची पट्टी चिकटवतात. खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत जुनी आहे, कारण मैदा जितका चांगला चिकटतो तितकाच तो कसरीला आणि झुरळाला आवडतो. पुठ्ठ्याऐवजी बांबूच्या चटईचे आवरण लावायचे असेल तर कड कापडाने मढवावी लागते. नाहीतर पात्याची धार पहिल्या पानाला कुरतडत राहते.

शाईचा विषय निघाला की मराठी वाचकाला कॅम्लिन आठवते. दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्यांपासून सुरू केलेला तो उद्योग २०११ नंतर जपानच्या कोकुयो या लेखनसाहित्याच्या कंपनीकडे गेला. भामरागडच्या जंगलात मात्र शाईचे सामान पायाखालीच पडलेले असते. हिरड्याची फळे ठेचून उकळली की त्यातील टॅनिन पाण्यात उतरते, त्यात हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट मिसळले की काळा रंग धरतो, आणि बाभळीच्या डिंकाने शाईला दाटपणा येतो. लिहिताना ती फिकट करडी दिसते आणि हवा लागल्यावर हळूहळू काळी होते, त्यामुळे नवख्याला पहिल्या ओळीला शाई बिघडल्यासारखे वाटते. हिराकस जास्त झाले तर तीच शाई पुढे कागद खाऊ लागते. प्रमाण सांभाळणे हाच तिचा सगळा कस. पळसाच्या फुलांचा तुरटीसह काढलेला पिवळा-केशरी रंग चित्राला चालतो, पण उन्हात उडतो.

अशा वहीत लिहावे काय, याला एक उत्तर माडिया वर्षातच आहे. पंडुम म्हणजे सण. नवे धान्य, नवे फळ किंवा फूल त्या त्या पंडुमआधी खायचे नाही, असा दंडक असतो, आणि पेरणीआधी बियाण्यांचा विज्जा पंडुम येतो. जानेवारी ते डिसेंबर छापलेली डायरी या वर्षाला बसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले कधी गळू लागली, तेंदूची तोडणी कोणत्या आठवड्यात सुरू झाली, पर्लकोटेच्या पुलावर पाणी कधी चढले, ही नोंद पंडुमांच्या क्रमाने ठेवली तर दहा वर्षांनी ती हवामानाचा कागद ठरेल. नोंदीच्या शेजारी पानाचे चित्र आणि त्याचे माडिया नाव आले, की वही शब्दकोशाचे कामही करते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत आदिवासींकडून ऐकलेली पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची नावे टिपून ठेवली, त्यातून मराठीला शेकडो शब्द मिळाले. पण ते काम बाहेरून आलेल्या जाणत्या माणसाचे होते, आणि ज्याची भाषा त्याच्याच हाताने ती टिपण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

लिपीचा प्रश्न त्यातच येतो. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली लिपी रचली आणि २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, तरी माडिया बहुधा देवनागरीतच लिहिली जाते. बहुतेक द्राविडी भाषांत 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार असतात, जे शाळेतली देवनागरी दाखवत नाही. वही बांधणाऱ्याने त्यासाठी स्वतःची खूण ठरवावी आणि ती पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, म्हणजे नंतर वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. नेलगुंडा येथे २०१५ साली सुरू झालेल्या साधना विद्यालयात लहान मुलांना माडियातून शिकवायला सुरुवात झाली आहे, तेव्हा अशा वहीला वाचक मिळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरी.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीचा रस्ता तुटतो आणि घरातली प्रत्येक वस्तू दमट होते. कागदाला बुरशी धरते, पुठ्ठा सुटतो, वाळवी लागते. वही कापडात गुंडाळून, वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून चुलीच्या उबेत, पण धुरापासून दूर ठेवावी. एवढे करूनही ती भिजली, तर जेल पेनची अक्षरे पसरतात, हिरड्याची शाई बहुतांशी टिकते, आणि पेन्सिलीच्या नोंदीला पाण्याने काहीही होत नाही.