विश्लेषण : ‘डाफ्ट पंक’च्या ‘रोबोट’ने यंत्रांची साथ का सोडली?

जगभरातील नाइट क्लबना नाचवणाऱ्या ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडगोळीतील थॉमस बांगाल्तेर यांचा ‘मिथॉलॉजीज’ हा अल्बम ७ एप्रिल २०२३ रोजी प्रसिद्ध झाला. यात सिंथेसायझर नाही, ड्रम मशीन नाही आणि हेल्मेटही नाही. सुमारे दीड तासाचे हे संगीत पूर्णपणे वाद्यवृंदाने वाजवले आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताचा चेहरा ठरलेल्या कलाकाराने हे वळण का घेतले?

जुनी शैली कशी होती?

बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द होमेम-क्रिस्तो यांनी १९९३ मध्ये पॅरिसमध्ये ‘डाफ्ट पंक’ सुरू केले. ‘होमवर्क’ (१९९७) आणि ‘डिस्कव्हरी’ (२००१) या अल्बमनी त्यांना जगभर नेले. जुन्या रेकॉर्डमधील छोटा तुकडा उचलायचा, तो पुन:पुन्हा फिरवायचा आणि त्यावर यंत्राचा ठेका चढवायचा, हे त्यांचे प्रमुख तंत्र. या तुकड्याला ‘सॅम्पल’ म्हणतात. ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ हे गाजलेले गाणे एडविन बर्डसाँग यांच्या १९७९ मधील गाण्याच्या तुकड्यावर उभे आहे. ‘डिस्कव्हरी’च्या काळापासून दोघेही रोबोटच्या हेल्मेटमध्येच लोकांसमोर आले.

बदल अचानक झाला का?

नाही. ‘ट्रॉन : लेगसी’ (२०१०) या चित्रपटासाठी त्यांनी मोठ्या वाद्यवृंदाबरोबर काम केले. २०१३ च्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’मध्ये तर त्यांनी सॅम्पल जवळपास बाजूला ठेवले. नाइल रॉजर्स यांची गिटार, नेथन ईस्ट यांचा बेस, ओमर हकीम यांचे ड्रम असा हाडामांसाच्या वादकांचा ताफा त्यांनी स्टुडिओत जमवला. त्या अल्बमला २०१४ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’चे ग्रॅमी मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये जोडी फुटली. यंत्राकडून माणसाकडे जाण्याचा प्रवास त्याआधीच सुरू झाला होता. ‘मिथॉलॉजीज’ हा त्याचा पुढचा टप्पा.

नव्या अल्बममध्ये काय आहे?

हे मुळात बॅलेसाठी लिहिलेले संगीत आहे. नृत्यदिग्दर्शक आंजेलँ प्रेलजोकाज यांचा हा बॅले जुलै २०२२ मध्ये बोर्दो येथे रंगमंचावर आला. इकारस, मिनोटॉर, झ्यूस, ॲफ्रोडाइट अशा ग्रीक पुराणकथांतील पात्रांभोवती त्याच्या रचना फिरतात. बोर्दोच्या वाद्यवृंदाने रोमाँ द्युमा यांच्या संचालनाखाली त्या वाजवल्या. बांगाल्तेर यांची आई बॅले नर्तकी होती, तर वडील डॅनियल व्हँगार्ड हे ‘ओटावान’च्या ‘डी. आय. एस. सी. ओ.’ या गाण्याच्या कर्त्यांपैकी एक. आतापर्यंत मुलाने वडिलांचा डिस्को पुढे नेला. आता तो आईच्या रंगमंचाकडे वळला आहे.

काम कसे बदलले?

स्टुडिओत संगीतकार बटण दाबतो आणि आवाज लगेच ऐकतो. आवडला नाही तर पुसतो. वाद्यवृंदासाठी मात्र प्रत्येक व्हायोलिनचा, प्रत्येक बासरीचा सूर आधी कागदावर उतरवावा लागतो आणि तो खऱ्या अर्थाने ऐकू येतो तो वादक समोर बसल्यावरच. शिवाय यंत्र हजार वेळा तोच ठेका तसाच देते. माणूस दरवेळी किंचित वेगळा वाजवतो. अचूकतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या संगीतकाराने या अनिश्चिततेचीच निवड केली.

हेल्मेट का उतरवले?

अल्बमच्या मुखपृष्ठावर बांगाल्तेर यांचा उघडा चेहरा रेखाटला आहे. बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी कृत्रिम प्रज्ञेविषयी चिंता व्यक्त केली आणि आजच्या जगात रोबोट होण्याची इच्छा नसल्याचे सांगितले. माणूस आणि यंत्र यांतील रेषा पुसट करणे हा ‘डाफ्ट पंक’चा खेळ होता. तेव्हा ती कल्पनारम्य गंमत वाटे. आता यंत्रे खरोखरच गाणी रचू लागल्यावर तो मुखवटा वेगळाच अर्थ सांगू लागतो.

चाहत्यांनी काय अपेक्षा ठेवावी?

नाचण्याजोगा ठेका शोधणाऱ्यांची निराशा होईल. मात्र कान देऊन ऐकल्यास छोटा स्वरसमूह पुन:पुन्हा फिरवून त्यातून ताण वाढवण्याची जुनी सवय काही जागी ओळखू येते. साधने बदलली, तरी हात तोच आहे. नव्या अल्बममध्ये पणाला लागले आहे ते हेच : यंत्रे काढून घेतल्यावर इलेक्ट्रॉनिक संगीतकाराकडे स्वतःचे असे काय उरते?