‘मूल काहीच खात नाही’ : घरच्या ताटाचा जमाखर्च

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका सद्गृहस्थांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ रुग्णालयास एक देणगी देऊ केली. बालरुग्ण विभागात येणाऱ्या लहानग्यांना वाटण्यासाठी डबाबंद बालआहाराचे दोन मोठे खोके त्यांनी गाडीतून आणले होते. हेतू अत्यंत चांगला होता. तथापि ते खोके आम्हांस सविनय परत करावे लागले. दोन वर्षांखालील मुलांसाठीचा तयार बालआहार, दुधाची पावडर व दुधाच्या बाटल्या यांचे दानरूपाने वाटप करण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. अपवाद आहे तो फक्त अनाथालयांचा. आईच्या दुधाची व घरच्या अन्नाची जागा डब्याने घेऊ नये, हा त्यामागील उद्देश. त्या सद्गृहस्थांनी कायदा समजून घेतला, पण निघताना विचारले, “मग ही मुले खाणार तरी काय?”

त्या वेळी त्यांना पुरेसे उत्तर देता आले नाही. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने ते या अहवालात देत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यक हे त्याचे क्षेत्र नव्हे. म्हणून येथील मजकूर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वाचून दुरुस्त करून दिला आहे.

माझ्या कार्यालयाची खिडकी बालरुग्ण विभागाच्या बाकांकडे उघडते. ताप, जुलाब, खोकला या तक्रारी ऋतूप्रमाणे बदलतात, मात्र एक तक्रार बारा महिने ऐकू येते : “पोरगं कायबी खात न्हाई.” एक ते तीन वर्षांचे मूल कडेवर असते, बहुधा सोबत आजी असते, आणि पिशवीत कोणीतरी सुचविलेल्या भूक वाढविणाऱ्या औषधाची अर्धी बाटली असते. मजुरीवर चालणाऱ्या घरात असा डबा आणि अशी बाटली विकत घेतली जाते तेव्हा त्या आठवड्याची डाळ कमी येते, हे बिलांची सवलत ठरविताना आम्हांस वारंवार दिसते.

डॉक्टर अशा वेळी औषध लिहिण्यापूर्वी आदल्या दिवसाचा हिशेब विचारतात. वीस महिन्यांच्या एका मुलाचा असा हिशेब मी स्वतः ऐकला. सकाळी बशीतला चहा आणि त्यात बुडवून तीन बिस्किटे. नऊ वाजता बाटलीभर म्हशीचे दूध. अकराच्या सुमारास आजोबांनी दुकानातून आणलेले कुरकुरीत पाकीट. एक वाजता आई वरणभात घेऊन बसली, मुलाने तोंड फिरविले. उपाशी राहू नये म्हणून पुन्हा बाटली. दुपारी उठल्यावर पुन्हा चहा-बिस्कीट, संध्याकाळी केळ्याचे दोन घास, रात्री भाकरी थुंकली आणि झोपताना तिसरी बाटली.

दहा किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण तीनशे मिलिलिटर मावते, म्हणजे आपली एक मोठी वाटी आणि वर थोडे. अडीचशेची एक बाटली त्यात गेली की ताटासाठी जागा उरत नाही. त्या मुलाला काट्यावर ठेवले तेव्हा वजन वयाच्या मानाने योग्य भरले. मूल खात होते. घरच्यांच्या वहीत फक्त ताटाची नोंद होत होती आणि उरलेली सारी जमा किरकोळीत जात होती. डॉक्टरांनी औषध दिले नाही. दूध दिवसाला दोन पेले, तेही पेल्यानेच, चहा बंद, आणि दोन खाण्यांच्या मध्ये अडीच-तीन तास पाण्याखेरीज काही नाही, एवढेच सांगितले. तीन आठवड्यांनी आजी पुन्हा आल्या त्या नवी तक्रार घेऊन : “आता जेवायला उशीर झाला तर रडतंय.”

या तक्रारीमागे आणखी एक साधे गणित आहे. जन्मतः तीन किलोचे मूल वर्षाचे होईपर्यंत साधारण नऊ किलोचे होते, म्हणजे वर्षात सहा किलोंची भर. दुसऱ्या वर्षी ही भर दोन-अडीच किलोंचीच असते. वाढीचा वेग उतरला की भूकही त्या प्रमाणात उतरते. याच सुमारास मूल चालू लागते, त्याला आपली मर्जी कळू लागते आणि न पाहिलेल्या पदार्थाबद्दल ते साशंक होते. उष्टावणाच्या वेळी मामाच्या हातून मिटक्या मारीत खीर खाणारे बाळ दीड वर्षाचे झाल्यावर तोंड मिटून बसते, ते यामुळे. घरात मात्र याचा अर्थ दृष्ट लागली असा घेतला जातो.

सर्वच प्रकरणे इतकी सोपी नसतात, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याच बाकावर, त्याच शब्दांतील तक्रार घेऊन दोन वर्षांची एक मुलगी आली होती. तिचे जवळजवळ सारे पोषण बाटलीतल्या दुधावर चालले होते. अंगाने गुबगुबीत, म्हणून घरी कोणास शंका आली नाही. पण तळहात कागदासारखे पांढरे होते आणि हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. दुधात लोह नगण्य असते आणि पोट दुधाने भरले की लोह असलेले अन्न आत जात नाही. तिला दाखल करावे लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली आणि पाच वर्षांखालील दर शंभरांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. म्हणून ‘न खाणारे मूल’ हा थट्टेचा विषय करून चालत नाही. कोणते मूल केवळ हट्टी आणि कोणते आजारी, हे डोळ्यांनी ठरत नाही. वजनकाटा, उंची आणि रक्ततपासणी यांनी ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. अमेरिकेतील क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ पासून काही वर्षे एक विलक्षण प्रयोग केला. नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या पंधरा बालकांपुढे निरनिराळे पदार्थ ठेवले जात. काय खावे आणि किती खावे हे मुलाने ठरवायचे. परिचारिकेने आग्रह करायचा नाही आणि कौतुकही नाही. कोणी एका वेळी अंड्यांवरच ताव मारी, कोणी केळ्यांवर. परंतु सर्व मुलांची वाढ उत्तम झाली. पुष्कळ लोक यावरून ‘मुलाला हवे ते द्यावे’ असा निष्कर्ष काढतात. डेव्हिसबाईंनी स्वतः १९३९ साली स्पष्ट केले की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर, बिस्किटे किंवा तसले काहीही नव्हते. काय वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलावर सोडावे. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमके याच्या उलट चालते.

आणि वाढण्यासारखे आपल्या भागात काय नाही? आमच्या आईच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला. मिलोच्या लाल भाकरी आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी आम्ही लहानपणी ऐकल्या. पुढे १९८० साली माढा तालुक्यातच उजनी धरण पूर्ण झाले. ऊस, द्राक्षे, डाळिंबे आली. पैसा आला तशी दुकानेही आली, आणि ज्वारीची भाकरी हे गरिबीचे अन्न अशी एक चुकीची समजूतही आली. वास्तविक मोहोळच्या संशोधन केंद्राची मालदांडी ३५-१ ही ज्वारी देशभर नावाजली गेली, आणि शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीत जे उणे असते ते डाळीत भरून निघते. म्हणजे भाकरी आणि वरण ही जोडी कोणत्याही डब्याला भारी आहे.

भाकरी मुलाला चावत नाही, हे खरे. ती गरम असतानाच कुस्करून दाट वरणात किंवा ताज्या ताकात दहा मिनिटे मुरू द्यावी आणि वर चमचाभर तूप घालावे. असा काला दातही न आलेले मूल खाते. मुगाची खिचडी मऊ शिजवून तिच्यात लाल भोपळा किंवा गाजर किसून घातले की वेगळी भाजी भरवावी लागत नाही. मुलासाठी पातळ पेज करण्याची आपल्याकडे फार हौस आहे. पण पातळ अन्नात पोट पाण्यानेच भरते. चमच्यावरून चटकन ओघळणार नाही इतका दाटपणा असावा.

हट्टी मुलांसाठी मला सर्वांत गुणकारी वाटलेला पदार्थ म्हणजे धपाटे. ज्वारीचे पीठ, थोडी कणीक, मूठभर बेसन, ताक, तीळ, जिरे आणि त्यात किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेली मेथी. तिखट मोठ्यांच्या गोळ्यात नंतर घालावे. मुलाचा गोळा आधी बाजूला काढावा. धपाटा तव्यावर मऊच ठेवून त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापाव्यात आणि मुलाच्या हातात द्याव्यात. चमच्याला नाही म्हणणारे मूल स्वतःच्या हातातली वस्तू तोंडात घालतेच. सोबत दही. आमच्या घरी नातवाने मेथीची भाजी कधी तोंडात घेतली नाही, धपाट्यातून मात्र निमूट खाल्ली. सुनबाईंनी ते त्याला अद्याप सांगितलेले नाही.

हुलग्याचे माडगे आता क्वचितच होते. भाजलेल्या हुलग्यांचे पीठ पाण्यात कालवून, जिरे-लसणाची फोडणी देऊन शिजविले की दाटसर माडगे होते. थंडीत मुलांना ते आवडते. मेतकूट-भात-तूप हे घाईच्या दिवसाचे जेवण. लाल भोपळा व गूळ घालून केलेले मऊ घारगे दोन दिवस टिकतात आणि बिस्किटाची जागा घेतात. ज्यांच्याकडे चालते त्यांनी पूर्ण शिजविलेले अंडे अवश्य द्यावे. शेंगदाण्याचे कूट अगदी बारीक करून खिचडीत, भाजीत घालावे. नाचणी किंवा गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून केलेले पीठ चमचाभर घातले तर दाट लापशी पातळ होते, पण तिचे सत्त्व तेवढेच राहते. बडोद्याच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात डॉ. तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर काम केले; आपल्या आज्या त्याला नाचणीचे सत्त्व म्हणत आल्या. मुगाच्या वरणावर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळले की त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते, आणि जेवणाजवळ चहा दिला तर त्याच्या उलट होते.

काही बाबतींत मात्र सवलत नाही. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, चिक्की, न कापलेले द्राक्ष आणि बियांसकट बोर लहान मुलाच्या हाती देऊ नये. हिवाळ्यात आपल्या बाजारात बोरांचे ढीग लागतात, तेव्हा हे विशेष ध्यानात ठेवावे. श्वासनलिकेत अडकलेला एक दाणा जिवावर बेततो. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. आईचे दूध दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवण्यास हरकत नाही.

एक-दोन वर्षांच्या मुलास दिवसातून तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा फळ, घारगा असे काही पुरते. ताटात थोडे वाढावे, हवे असल्यास पुन्हा द्यावे. नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणजे आवडत नाही असे नव्हे. पुष्कळ मुलांना तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तोही जबरदस्तीशिवाय. मोबाइल दाखवून भरविलेले मूल गिळते, पण आपले पोट भरले की नाही हे शिकत नाही. पाय धरून, नाक दाबून भरविण्याचा प्रकार अजून दिसतो. त्याने ठसका लागतो आणि ताटाचीच भीती बसते. शक्यतो घरच्यांबरोबर पंगतीला बसवावे. सांडणार, हे गृहीत धरावे.

वजन दोन-तीन महिने वाढले नाही, किंवा कमी झाले. तळहात, पापण्यांची आतली बाजू पांढुरकी दिसली. मूल माती, भिंतीचा पोपडा खाऊ लागले. वारंवार जुलाब किंवा उलटी होत असेल. पायांवर सूज असेल. खेळणारे मूल मलूल झाले असेल, तर स्वयंपाकघरातील प्रयोग थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ते खोके परत नेणाऱ्या सद्गृहस्थांनी पुढे मातोश्रींच्याच नावे लहान मुलांचा वजनकाटा आणि उंची मोजण्याची फळी दिली. दोन्ही बाह्यरुग्ण विभागाच्या दारातच डाव्या हातास ठेवली असून केसपेपर न काढताही मुलाचे वजन व उंची मोजून दिली जाते. येताना अंगणवाडीतून मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड आणावे, आणि चहा-बिस्किटांसह आदल्या दिवसाचा हिशेब.