जुन्या मेटॅडोरसाठी बदली इंजिनाची निवड : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विदर्भाच्या बोलीत ‘मेटॅडोर’ हा शब्द एका विशिष्ट गाडीपुरता उरलेला नाही. बाजार समितीत धान्य आणणारी, आठवडी बाजाराला भाजी नेणारी किंवा लग्नाचे वऱ्हाड वाहून नेणारी कोणतीही मध्यम आकाराची बंद वा अर्धबंद गाडी या नावाने ओळखली जाते. मूळ मेटॅडोर ही बजाज टेम्पो कंपनीची. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. ज्या गाड्या अद्याप चालू आहेत, त्यांचा सांगाडा बहुधा धडधाकट असतो, पण इंजिन थकलेले असते. अशा वेळी मालकापुढे जो प्रश्न उभा राहतो तो वरवर पाहता यांत्रिकाच्या अखत्यारीतील वाटतो. प्रत्यक्षात त्यात पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र आणि कायदा या तिन्हींचा संबंध येतो, आणि निवड चुकल्यास एका हंगामाची कमाई तर जातेच, प्रसंगी गाडीतील माणसांच्या जिवावरही बेतते. प्रस्तुत लेखात या निवडीमागील तत्त्वांचा विचार केला आहे.

गाडीचे कूळ

या गाडीच्या वंशवृक्षाची एक शाखा वर्ध्यापर्यंत येते. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेतले. बजाज समूहाच्या वाहनव्यवसायाचा आरंभ 1945 साली ज्या संस्थेने झाला, तिचे नाव या शेठजींवरूनच ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ असे होते. पुढे 1958 मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने आणि हॅम्बुर्ग येथील विडाल अँड सोन या टेम्पो गाड्यांच्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पोची उभारणी झाली. 2005 पासून ही कंपनी फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. तो जर्मन कारखाना कालांतराने हॅनोमागकडे व तेथून डाइमलर-बेंझकडे गेला. ऐंशीच्या दशकात डाइमलर-बेंझच्याच परवान्याने ‘ओएम 616’ हे डिझेल इंजिन पुण्याच्या कंपनीत तयार होऊ लागले, आणि मेटॅडोरच्या उत्तरकालीन गाड्यांत ते बसविण्यात आले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. हेच इंजिन ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्यांतही वापरले गेले. त्यामुळे मेटॅडोर बंद झाली तरी तिच्या इंजिनाचे भाग आणि ते बांधू शकणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही आढळतात. बदली इंजिनाचा विचार करताना या एका गोष्टीचे मोल सहसा कमी लेखले जाते.

शक्ती किती हवी?

मालकाचा पहिला आग्रह बहुधा अधिक ताकदीचा असतो. हा आग्रह कितपत सयुक्तिक आहे, ते साध्या गणिताने तपासता येते. भरलेल्या गाडीचे एकूण वजन 3000 किलोग्रॅम, चाकांच्या घर्षणाचा गुणांक 0.015, समोरील क्षेत्रफळ 4 चौरस मीटर आणि हवेच्या विरोधाचा गुणांक 0.5 धरू. सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना चाकांचा विरोध सुमारे 440 न्यूटन व हवेचा सुमारे 320 न्यूटन होतो. गिअर व अक्षदंडांत होणारी झीज जमेस धरली तरी इंजिनाकडून 20 अश्वशक्तीच्या आतच मागणी होते. ताशी 80 किलोमीटरला ती 35 च्या आसपास जाते. शंभर मीटरला चार मीटर असा चढ ताशी 50 किलोमीटरने चढायचा झाल्यास सुमारे 40 अश्वशक्ती लागते.

ओएम 616 हे 2.4 लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मर्सिडीजच्या मोटारीत 4400 फेऱ्यांना 72 अश्वशक्ती देत असे. मालवाहू गाडीतील आकडा थोडाफार वेगळा असला, तरी वर्धा जिल्ह्यातील बहुतांशी सपाट रस्त्यांसाठी ही शक्ती अपुरी आहे असे म्हणता येत नाही. जुनी मेटॅडोर ‘ओढत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा इंजिनाची मूळ क्षमता क्वचितच दोषी असते. घासलेले पिस्टन-रिंग, गळके व्हॉल्व, बिघडलेला पंप किंवा नोझल हीच कारणे अधिक संभवतात. म्हणून इंजिन बदलण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घेणे हे पहिले काम होय. अर्ध्या तासाच्या या तपासणीने पुष्कळदा पूर्ण इंजिनाचा खर्च वाचून केवळ हेडच्या कामावर भागते.

अधिक वेगवान इंजिन बसविल्यास आणखी एक प्रश्न उद्भवतो. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी थांबविताना ब्रेकला पावणेदोन पटीहून थोडे अधिक काम करावे लागते. ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे राहतात.

इंजिन आणि गाडी यांची जोड

मेटॅडोरची मांडणी पुढील चाके फिरविणारी आहे. त्यामुळेच तिचा मागचा तळ खाली राहतो आणि माल चढविणे सोपे जाते. परंतु याच वैशिष्ट्यामुळे बदली इंजिनाची निवड अवघड होते. मागील चाके फिरविणाऱ्या जीपमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल हे निराळे घटक असल्याने वाटेल ती जुळवाजुळव काही प्रमाणात खपून जाते. येथे हे सर्व पुढच्याच बाजूला एकत्र बांधलेले असते आणि चाकांना जोडणारे आखूड दंड ठरावीक पिळापर्यंतच टिकतात. ओएम 616 चा कमाल पीळ सुमारे 137 न्यूटन-मीटर आहे. आजची अडीच लिटरची टर्बो इंजिने याहून कितीतरी अधिक पीळ देतात. पहिल्या गिअरमध्ये तो अनेक पटींनी वाढून दंडांवर येतो, आणि भरल्या गाडीने चिखलातून निघताना सांधा तुटतो. दोष रस्त्याला दिला जातो.

उलट टोकाला ट्रक वा ट्रॅक्टरच्या जातीची संथ इंजिने असतात. ती मजबूत असतात व स्वस्तात मिळतात. पण जे इंजिन 3000 फेऱ्यांच्या पुढे जात नाही, ते 4400 फेऱ्यांच्या इंजिनासाठी ठरविलेल्या गिअरवर बसविल्यास ताशी 90 किलोमीटरची गाडी ताशी साधारण 61 वर येऊन थांबते. डिफरन्शिअलचे प्रमाण बदलणे हा त्यावरील उपाय कागदावर सोपा, पण पुढील चाकांच्या या बांधणीत तसे दंतचक्र मिळविणे कठीण आहे.

परक्या कुळातील इंजिन बसवायचे तर मधे जोडपट्टी तयार करावी लागते. तिचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दंडाचा मध्य यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका फरकही बेअरिंग खातो. गावातील लेथवर ही अचूकता साधणारे कारागीर आहेत, नाही असे नाही. तथापि काम झाल्यावर डायल गेजने मोजून दाखविणारे थोडे.

सर्वांत धोकादायक चूक दिसायला क्षुल्लक असते. पेट्रोल इंजिन आपल्या श्वासातून निर्वात निर्माण करते व त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात हवेची वाट अडविलेली नसल्याने असा निर्वात मिळत नाही. त्यासाठी इंजिनावर किंवा अल्टरनेटरच्या मागे स्वतंत्र पंप असतो. बदली इंजिन अन्य उपयोगाचे असल्यास हा पंप त्यावर नसू शकतो. गाडी सुरू होते, चालतेही. प्रथम जोराने ब्रेक दाबण्याची वेळ येईपर्यंत काही कळत नाही.

ट्रॅक्स वा ट्रॅव्हलरचे सजातीय इंजिन घेतले तरी थोडी छाननी आवश्यक आहे. त्या गाड्या मागील चाकांच्या आहेत. ब्लॉक सारखा असला तरी ऑइल चेंबरचा आकार, माउंटिंग, फ्लायव्हील आणि क्लच हे भाग जसेच्या तसे बसतील असे गृहीत धरू नये. जुने इंजिन भंगारात देण्यापूर्वी त्याचे हे भाग काढून जपून ठेवणारा मालक शहाणा.

उन्हाळ्याची कसोटी

युरोपातील वा अन्य थंड प्रदेशांतील अनुभव वर्ध्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी व हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. पाणी 95 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असताना हे अंतर 70 अंश असते. मे महिन्यात हवा 46 अंशांवर गेली की ते 49 वर येते, म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता तीस टक्क्यांनी घटते. डिझेलमधील ऊर्जेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यात जातो. तेव्हा अधिक शक्तीचे इंजिन वापरून ती शक्ती खरोखर उपभोगायची असेल, तर रेडिएटर, पंखा आणि त्याभोवतीचे आवरण हेही वाढविले पाहिजे. मेटॅडोरच्या आखूड नाकात त्यासाठी जागा नाही. जानेवारीत झालेले काम समाधानकारक वाटते आणि पहिल्याच उन्हाळ्यात हेड गॅस्केट जाते, त्याचे कारण हेच.

इंधनाची बचत

थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी इंजिने ओएम 616 सारख्या पूर्वकक्षाच्या इंजिनापेक्षा साधारण 10 ते 15 टक्के कमी डिझेल घेतात, हे खरे आहे. गाडी वर्षाला 20,000 किलोमीटर धावत असेल आणि लिटरला 11 किलोमीटर जात असेल, तर 15 टक्क्यांनी सुमारे 270 लिटर वाचतात. लिटरला 90 रुपये धरल्यास ही रक्कम साडेचोवीस हजारांच्या घरात जाते. मात्र हंगामापुरती बाहेर पडणारी गाडी 6,000 किलोमीटरच धावते. तिची बचत साडेसात हजारांच्या आत राहते, आणि त्यात जोडपट्टी, माउंटिंग व रेडिएटरचा खर्च फिटायला बरीच वर्षे लागतात. संगणकनियंत्रित कॉमन रेल इंजिनाचा मोह तर अशा गाडीसाठी टाळलेलाच बरा. त्याच्या तारा, संवेदक व नियंत्रक मूळ गाडीतून पूर्ण उचलून आणावे लागतात, आणि वाटेत बंद पडल्यास पान्याने ते सुरू होत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे बंधन काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ अन्वये अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद झाली. इंजिन बदलल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. सजातीय इंजिन घेतल्यास प्रश्न मुख्यतः क्रमांकाच्या नोंदीचा राहतो. परजातीचे असल्यास इंजिनाची क्षमता व प्रदूषणाचे मानक याही बाबी उपस्थित होतात. एमएच-32 क्रमांकाच्या गाडीसाठी वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी आधीच घेणे आणि मगच इंजिनाचे पैसे मोजणे हा क्रम इष्ट आहे. जुन्या बाजारातून इंजिन घेताना त्यावरील क्रमांक खोडलेला नाही ना, हे पाहावे आणि विक्रेत्याकडून ते ज्या गाडीतून काढले तिची कागदपत्रे घ्यावीत. क्रमांक जुळत नसल्यास योग्यता प्रमाणपत्र अडते व अपघातानंतर विम्याचा दावाही वादात सापडतो.

शासकीय व स्वायत्त संस्थांपुरता हा प्रश्न आता वेगळ्या रीतीने सुटला आहे. जानेवारी 2023 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार त्यांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण 1 एप्रिल 2023 पासून होत नाही. अशा संस्थांनी जुन्या गाडीच्या इंजिनावर खर्च करण्यात अर्थ नाही. खासगी विश्वस्त संस्था, महाविद्यालये आणि वैयक्तिक मालक यांच्यासाठी मात्र योग्यता तपासणी उत्तीर्ण होईपर्यंत वाट मोकळी आहे. त्यांच्या गाडीचा सांगाडा व तळाचा पत्रा गंजलेला नसेल, तर मूळ ब्लॉकला लाइनर-पिस्टन टाकून, क्रँक ग्राइंड करून तेच इंजिन पुन्हा बांधणे आणि ब्लॉकच तडकला असल्यास त्याच कुळातील दुसरा शोधणे, हाच बहुतेकांच्या बाबतीत कमी खर्चाचा व कमी जोखमीचा पर्याय ठरतो.