सूटवर ब्राऊन बूट घातले म्हणून नोकरी हुकते? मुलाखतीच्या कपड्यांमागचं गणित समजून घ्या

एचआरचा फोन येतो, "उद्या अकरा वाजता भेटायला या." फोन ठेवला की पहिला प्रश्न पडतो तो कपाटासमोर. घालायचं काय?

"कपड्यांत काय ठेवलंय, टॅलेंट बघतात," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हे पूर्ण खरं नाही, आणि त्याचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो घरातून पहिल्यांदाच ऑफिसची नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींना.

ब्रिटनचंच उदाहरण घ्या. तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशनचा एक अहवाल 2016 मध्ये आला. लंडनच्या बड्या इन्व्हेस्टमेंट बँकांमध्ये साध्या घरातली हुशार मुलं मागे का पडतात, हे त्यात तपासलं होतं. एक कारण निघालं कपड्यांचं. सूटवर ब्राऊन बूट घालायचे नाहीत, टाय भडक नको, असे नियम तिथे होते. ते कुठेही लिहिलेले नव्हते. श्रीमंत घरातल्या मुलांना ते घरातच कळायचे, बाकीच्यांना कोणी सांगायचंच नाही.

असं का होतं?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केले. ते 2019 मध्ये 'नेचर ह्युमन बिहेविअर'मध्ये छापून आले. लोकांना काही चेहरे दाखवले. चेहरा तोच, पण एकदा अंगावर जरा महागातले वाटणारे कपडे आणि एकदा साधे. महागातले वाटणारे कपडे असले की तोच माणूस लोकांना जास्त कर्तबगार वाटला.

गंमत पुढे आहे. "कपड्यांकडे लक्ष देऊ नका," असं आधी बजावून सांगितलं, तरी निकाल बदलला नाही. फोटो डोळ्याची पापणी लवेपर्यंतच दाखवला, तरीही तेच.

म्हणजे समोरचा माणूस वाईट असतो असं नाही. त्याचं मत त्याच्याही नकळत तयार होतं. हे चुकीचं आहेच, आणि ते सुधारायची जबाबदारी कंपन्यांची आहे. पण उद्या अकरा वाजता जायचंय ते तुम्हाला, म्हणून आपल्या हातात काय आहे ते बघू.

1. सरळ विचारून घ्या

भेटीची वेळ ठरवतानाच विचारा, "सर/मॅडम, ड्रेस कोड काय आहे?" यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रिक्रूटरचं कामच योग्य उमेदवार कंपनीपर्यंत पोचवणं हे असतं, त्यामुळे बहुतेक वेळा तो नीट सांगतो. न लिहिलेला नियम माहीत करून घ्यायचा हा सगळ्यात सोपा आणि फुकटातला मार्ग.

2. तिथले लोक घालतात त्याच्या एक पायरी वर

सगळीकडे सूट लागत नाही. 2015 मध्ये इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना आठवडाभर कॅज्युअल कपडे घालायची मुभा दिली. 2019 मध्ये गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेनेही ड्रेस कोड सैल केला. कंपनीच्या लिंक्डइन पेजवर ऑफिसचे फोटो असतात, ते बघा. लोक टी-शर्टमध्ये दिसले तर तुम्ही कॉलरचा शर्ट घाला. ते शर्ट-पँटमध्ये असतील तर तुम्ही फॉर्मल शर्ट, पँट आणि लेदरचे बूट घाला. बँक, विमा, हॉटेल यांसारख्या लोकांशी थेट संबंध येणाऱ्या कामांत जरा जास्त नीटनेटकं गेलेलं बरं.

3. ब्रँड नको, माप बघा

तीन हजारांचा ढगळ शर्ट पाचशेच्या मापातल्या शर्टापुढे फिका पडतो. तयार शर्ट मोठा होत असेल तर टेलरकडून बाजूने आणि बाह्यांना टीप मारून घ्या, थोडक्या पैशांत काम होतं. कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट, कापलेली नखं आणि सगळी बटणं जागेवर, एवढं असलं की पुष्कळ झालं. सूटसाठी कर्ज काढायची गरज नाही. मित्राचा मागून आणला तरी चालतो, फक्त खांद्यात नीट बसतोय का ते आदल्या दिवशी घालून, खाली बसून बघा.

4. साडी किंवा कुर्ताही फॉर्मलच आहे

फॉर्मल म्हणजे फक्त शर्ट-ट्राउझर, हा गैरसमज आहे. साध्या रंगाचा, मापात शिवलेला सलवार-कुर्ता किंवा सुती साडी आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालते. ज्या कपड्यांत तुम्ही सहज वावरता तेच घाला. पहिल्यांदाच हिल्स घालून जिना चढायचा प्रयोग त्या दिवशी नको.

5. प्रवास धरून तयारी करा

विरारहून सकाळची लोकल पकडून अंधेरीला उतरेपर्यंत इस्त्रीची वाट लागते. पावसाळ्यात तर बूटही भिजतात. चप्पल घालून जा, बूट पिशवीत ठेवा आणि ऑफिसजवळ बदला. वीस मिनिटं आधी पोचलात तर तोंड धुवून केस नीट करायला वेळ मिळतो.

6. व्हिडिओ कॉल असेल तर

बारीक रेघांचे आणि चौकड्यांचे शर्ट कॅमेऱ्यात लहरी मारल्यासारखे दिसतात. एकरंगी शर्ट घाला. मागे पांढरी भिंत असेल तर पांढरा शर्ट टाळा. आणि हो, खाली पँटही नीट घाला, मध्येच उठायची वेळ येतेच.

हे मात्र लक्षात ठेवा

"युनिफॉर्मचे पैसे आधी भरा, मग जॉइनिंग लेटर देतो," असं कोणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळायची ही जुनी पद्धत आहे.

आणि कपड्यांनी नोकरी मिळत नाही, हेही तितकंच खरं. कपड्यांचं काम एवढंच की समोरच्याचं लक्ष त्यांच्यावर अडकू नये. एकदा ते झालं की तो तुमचं बोलणं ऐकतो, आणि तिथून पुढे तुमची तयारी कामाला येते.