खाजणाला हवी मागे सरकायला जागा

ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांमुळे एडिसन आपल्या लोकांना ठाऊक आहे. पण न्यू जर्सीतल्या या गावाची दक्षिण हद्द रॅरिटन नदीला भिडते आणि नदीत दिवसातून दोनदा समुद्राची भरती चढते. काठाला खाजणं आहेत. कोकणात अशा चिखलात तिवरं वाढतात. इथली थंडी तिवरांना सोसत नाही. इथे असतं स्पार्टिना गवत. ते मुळांतून खारं पाणी घेतं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी पात्यावर मिठाचे बारीक कण दिसतात.

हे गवत लाटांचा जोर मोडतं, पाण्यातला गाळ धरतं. गाळ आणि कुजलेली मुळं साचत जाऊन खाजणाची जमीन उंच होत राहते. समुद्र सावकाश चढला तर खाजण त्याच्या बरोबरीने वर येतं. पण न्यू जर्सीत जमीनही खचते आहे. १९११ ते २०१९ या काळात तिथे समुद्राची पातळी सुमारे १८ इंच वाढली. जगाची सरासरी ८ इंचांच्या आत होती.

मग समुद्र असा वेगाने चढत असताना खाजण वाचवायचं कसं? एक उपाय गाळ पुरवण्याचा. याच राज्यात ॲव्हलॉन आणि फोर्टेस्क्यू इथे बोटींचा मार्ग खोल करताना उपसलेला गाळ खाजणावर पातळ थरात पसरला गेला. एडिसनच्या किन-बक कचराभूमीजवळ काम उलटं होतं: पीसीबी या विषारी रसायनाने नासलेला चिखल आधी काढावा लागला, मग खाजण पुन्हा उभं करता आलं.

सगळ्यात अवघड उपाय, मागची जागा मोकळी करण्याचा, शेजारच्या वुडब्रिजने केला. २९ ऑक्टोबर २०१२ला, ऐन पौर्णिमेच्या भरतीत, सँडी वादळाने समुद्र तिथल्या वस्तीत घुसवला. त्यानंतर राज्याच्या ‘ब्लू एकर्स’ योजनेतून, मालकांच्या संमतीने, शंभरावर घरं विकत घेऊन पाडण्यात आली. रटगर्स विद्यापीठाच्या मदतीने त्या जागी स्थानिक झाडं-झुडपं लावली गेली. राहतं घर सोडणं कुणालाच सोपं नसतं; या लोकांनी ते केलं, म्हणून पुराच्या पाण्याला पसरायला जागा मिळाली.

अशा जागेचं मोल पैशांतही दिसतं. सँडीच्या वेळी ईशान्य अमेरिकेतल्या पाणथळींनी सुमारे ६२.५ कोटी डॉलरचं नुकसान टाळलं, असा अंदाज २०१७च्या एका अभ्यासात मांडला आहे.

महाराष्ट्रात २०१२पासून तिवरांसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, तिवरं तोडायला बंदीही आहे. पण मुंबई-ठाण्यात कित्येक ठिकाणी तिवरांच्या पाठीला रस्ते आणि इमारती टेकल्या आहेत. समुद्र चढू लागला की तिवरांनी मागे सरकायचं कुठे, हे आपण अजून ठरवलेलं नाही.