लेसरने केस काढावेत काय? : जमा-खर्च मांडून पाहू

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती. वस्तीतल्या एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, पतपेढीतून तीस हजार काढायचे आहेत. जामीन राहाल का?"

कशासाठी, असे विचारले तर बाई घुटमळल्या. मग हळू आवाजात सांगू लागल्या. मुलगी बावीस वर्षांची, कारखान्यात पॅकिंगचे काम करते. हनुवटीवर आणि ओठावर दाट केस येतात. दोन स्थळे पाहून गेली, पुन्हा निरोप नाही. नाक्यावरच्या पार्लरवालीने सांगितले, लेसरच्या सहा बैठका करा, केस कायमचे जातील. पैसे एकदम भरले तर सवलत.

आमच्या तोंडून निघून गेले, "ताई, कर्ज काढून हे चोचले कशाला?"

मुलगी आईच्या मागेच उभी होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही रोज सकाळी दाढी करता. तुम्हाला कुणी चोचले म्हणतं का?"

आम्ही गप्प झालो. पोरीचे बरोबर होते. चिमट्याने केस उपटून उपटून तिच्या हनुवटीवर पुटकुळ्या आणि काळे डाग पडले होते. कामावर ती तोंडाला रुमाल बांधूनच बसायची. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. जामिनाची सही करण्याआधी कागद वाचायचा असतो, हे आम्हाला नोकरीने शिकवले आहे. या आठ दिवसांत डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आमच्या भगिनींसाठी येथे मांडत आहोत.

प्रथम लेसर म्हणजे काय ते पाहू. लेसर हा एकाच जातीचा, एकवटलेला प्रकाश. केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य हा प्रकाश शोषून घेते. त्याची उष्णता होते आणि केसाचे मूळ भाजले जाते. काळे कापड उन्हात लवकर तापते, तसेच हे. ठरावीक रंगाचा प्रकाश वापरून नेमका तेवढाच भाग तापवता येतो, हा सिद्धान्त अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला. त्यातूनच पुढे १९९० नंतरच्या दशकात केस काढण्याची यंत्रे आली.

आता जमेची बाजू. केस काळे आणि जाड असतील तर गुण चांगला येतो. बैठकीगणिक केस विरळ होतात, जे उगवतात ते बारीक असतात. उपटण्याने किंवा दाढीच्या पात्याने ज्यांना वारंवार पुटकुळ्या येतात, केस कातडीखाली वळून पिकतात, त्यांना खरा आराम पडतो. दर आठवड्याला दोरा आणि चिमटा घेऊन बसण्याचा ताप कमी होतो. मनावरचे ओझे उतरते, आणि ही जमा काही लहान नव्हे.

खर्चाची बाजू मात्र पार्लरच्या फलकावर लिहिलेली नसते.

पहिली गोष्ट, 'कायमचे' हा शब्द. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांना केसांत 'कायमस्वरूपी घट' होते एवढेच म्हणू दिले आहे. केस समूळ जातात, असे म्हणू दिलेले नाही. कारण असे की, सगळे केस एकाच वेळी वाढीला लागलेले नसतात. काही वाढत असतात, काही विश्रांती घेत असतात. लेसरचा मारा वाढत्या केसावरच बसतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात, आणि पुढेही वर्षाकाठी एखाद-दुसरी करावी लागते. तो खर्च हिशेबात धरलेलाच नसतो. पांढऱ्या केसांवर तर लेसर चालतच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची. ज्या मेलॅनिनने केस काळा होतो, त्याच मेलॅनिनने आपली कातडी सावळी असते. यंत्र चुकीचे असेल किंवा जोर जास्त लावला तर केसाऐवजी कातडीच भाजते. फोड येतात, काळे किंवा पांढरे चट्टे पडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. सावळ्या कातडीसाठी लांब लहरीचे 'एनडी-याग' जातीचे, १०६४ नॅनोमीटरचे लेसर अधिक सुरक्षित मानतात. त्याचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या कातडीत कमी शोषला जातो. डायोड लेसरही जपून वापरतात. पुष्कळ पार्लरमध्ये लेसर म्हणून जे दाखवतात ते 'आयपीएल' असते. तो लेसर नव्हे, झगझगीत दिव्याचा प्रकाश असतो आणि सावळ्या कातडीला त्याचा धोका जास्त. घरी वापरायची छोटी यंत्रे विकत मिळतात, तीही बहुधा याच जातीची.

तिसरी गोष्ट ऐकून आम्हालाही नवल वाटले. काही जणींच्या चेहऱ्यावर, विशेषतः गाल आणि हनुवटीच्या कडेला, लेसरनंतर केस उलट वाढतात. असे थोड्यांनाच होते. पण सावळ्या आणि हार्मोनचा त्रास असलेल्या स्त्रियांत ते अधिक दिसते.

आणि गोंदण! आपल्या आयाबहिणींच्या हनुवटीवर, कपाळावर, हातावर गोंदण असते. त्या जागेवर लेसर मारू नये. गोंदणाची शाई उष्णता शोषते आणि कातडी भाजते.

आता त्या मुलीकडे वळू. आम्ही तिला आणि तिच्या आईला मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठवले. तेथील डॉक्टरीण बाईंनी यंत्राचे नावही काढले नाही. पहिला प्रश्न विचारला, "पाळी वेळेवर येते का?" येत नव्हती, तीन-तीन महिने चुकत होती. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. पीसीओएस निघाले. यात शरीरात पुरुषी हार्मोन वाढतात आणि त्यामुळे चेहऱ्यावर जाड केस येतात. पुढे मधुमेहाचा धोकाही असतो. मूळ दुखणे तसेच ठेवून लेसर केले असते, तर जुने केस जाळावेत आणि नवे उगवत राहावेत, असे झाले असते. तीस हजार गेले असते आणि आजार अंगात लपून राहिला असता.

औषधे सुरू झाली. चालणे, जेवणाची वेळ, वजन यांवर लक्ष आले. सहा महिन्यांनी डॉक्टरीण बाईंच्याच सल्ल्याने लेसरही सुरू केले, एका वेळी एका बैठकीचे पैसे देऊन. ते तिने स्वतःच्या पगारातून दिले. जामीन लागलाच नाही. केस पूर्ण गेले नाहीत, महिन्यातून एकदा दोरा फिरवावा लागतो. पण रुमाल सुटला.

भगिनींनो, जाणार असाल तर एवढे लक्षात ठेवा. एम.डी. किंवा डी.व्ही.डी. झालेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. यंत्र कोणते, ते नाव विचारा. आधी लहानशा जागेवर चाचणी करून घ्या. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवा. बैठकीपूर्वी महिनाभर केस उपटू नका, वॅक्सिंग करू नका. पात्याने काढलेले चालतात. उन्हापासून जपा. गरोदरपणी टाळा. चालू असलेली औषधे आणि मलमे डॉक्टरांना सांगा. आणि सगळ्या बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका.

शेवटचे सांगणे आमच्यासारख्या बापांना, भावांना. लेक केसांची तक्रार घेऊन आली तर हसू नका, ओरडू नका. पाळीचे विचारायला आईला सांगा. आम्ही 'चोचले' म्हणून तिला परत पाठवले असते, तर ती कर्ज दुसऱ्या दारी मागती आणि तिचे दुखणे कोणालाच कळले नसते.